गाणं संपेपर्यंत

'चक दे इंडिया' हे गाणं मला आवडत नसे, आणि ही नावड मी कधी लपवलीही नाही. इंदुरातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं संगीत शिकवलं. हिवाळ्यात क्रीडामहोत्सव जवळ आला की पी. टी.चे सर पेन ड्राइव्ह घेऊन संगीताच्या खोलीत यायचे आणि आमचा तोच वाद नव्याने सुरू व्हायचा. त्यांची यादी ठरलेली होती. 'लगान'मधलं 'चले चलो', 'इक्बाल'मधलं 'आशाएँ', पुढे 'भाग मिल्खा भाग' आल्यावर त्यातलं 'ज़िंदा', आणि या सगळ्यांच्या वर 'चक दे'. मी म्हणायचे, मैदानावर मुलांचा स्वतःचा आवाज ऐकू येऊ दे. हार्मोनियम आणि ढोलकीवर मी समूहगीत बसवलेलं असायचं, आणि बहुतेक वर्षी माझंच चालायचं.

आता माझं मत तसं राहिलेलं नाही. ते एका दिवसात बदललं नाही आणि पुरतं उलटलेलंही नाही. पण जिथे मी अगदी ठाम होते, नेमक्या त्याच जागी माझा पाय हलला आहे, आणि तो कसा हलला हे लिहून ठेवावंसं वाटतं.

आधी जुनं मत सांगते, कारण ते वरवरचं नव्हतं. आमचं घर रामबागेतलं, आणि वडील उस्ताद अमीर खाँ यांच्या गाण्याचे वेडे. खाँसाहेब इंदूरचे. झुमरा तालातल्या त्यांच्या अतिविलंबित ख्यालात सम यायला जो वेळ लागतो, त्या वेळात गवई काय काय करतो ते ऐकायला वडिलांनी आम्हा भावंडांना शिकवलं. गाणं ऐकणं म्हणजे थांबायला शिकणं, असा संस्कार त्या घरात झाला. अशा कानाला चार मिनिटांत माणसाला पेटवून देणारं गाणं पटणं कठीणच होतं. इलेक्ट्रिक गिटार, ड्रमचा जड ठोका, मागे पुरुषांचा कोरस, आणि शब्द कुठल्याही भाषेत असले तरी अर्थ तोच: ऊठ, धाव, जिंक. ही मागणीनुसार केलेली गाणी आहेत, असं मी म्हणत असे. दिग्दर्शक सांगतो, इथे प्रेक्षक खुर्चीतून उठला पाहिजे, आणि संगीतकार त्याला उठवतो.

गाणं गायचंच तर विजयानंतर गावं, हाही माझा आग्रह होता. त्याला माझ्याकडे घरचा दाखला होता. १९८३ साली कपिलच्या संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा क्रिकेट मंडळाकडे खेळाडूंना द्यायला पुरेसे पैसे नव्हते. लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पैशांतून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. हृदयनाथांनी त्यासाठी खास गाणं बांधलं होतं आणि ते खेळाडू लताबाईंच्या मागे उभे राहून ते म्हणत होते. २८ सप्टेंबर १९२९ रोजी आमच्या इंदूरच्या शीख मोहल्ल्यात जन्मलेली बाई आपल्या गळ्याने क्रिकेटपटूंचं देणं फेडते, यापेक्षा खेळाच्या गाण्याला आणखी काय हवं? आधी पराक्रम, मग गाणं. हा क्रम उलटा करून गाण्यानेच पराक्रमाची हमी द्यायची, हे मला खोटं वाटे.

पण सगळ्यांत मोठी तक्रार वेगळी होती आणि ती शिक्षिकेची होती. खेळाच्या चित्रपटात हे गाणं कुठे येतं ते आठवून पाहा. बहुतेक वेळा ते मेहनतीवर येतं. पहाटे धावणं, दोरीच्या उड्या, पडणं, पुन्हा उठणं, घाम, मग हळूहळू चेहऱ्यावर तेज. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं, सगळं एका गाण्यात आटोपतं. 'दंगल'साठी आमिर खानला आणि त्या मुलींना कुस्ती शिकवली ती आमच्या इंदूरच्या कृपाशंकर बिश्नोई यांनी. अर्जुन पुरस्कार मिळालेला पैलवान माणूस. त्यांनी त्या नटांकडून किती महिने घाम गाळून घेतला असेल! पडद्यावर मात्र तो घाम दलेर मेहंदींच्या आवाजात मिनिटांत संपतो. रियाजाला बसलेल्या मुलांना मी आयुष्यभर एकच सांगत आले की याला जवळचा रस्ता नाही, आणि ही गाणी रस्ता जवळचा आहे असं सांगतात, असं मला वाटे. मुलांच्या मनात वेळेविषयी खोटी कल्पना रुजवणारं संगीत मी शाळेत का वाजू द्यावं?

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत भक्कम वाटत होता. तोच आधी ढासळला.

माझी भाची हॉकी खेळते. गोलकीपर आहे. बहिणीची बदली इंदूरला झाल्यावर पोरीला सकाळी मैदानावर सोडण्याचं काम निवृत्त मावशीकडे आलं, आणि सोडून परत येण्याऐवजी मी तिथेच कट्ट्यावर बसू लागले. त्या मैदानावर टर्फ नाही. माती आहे, पावसाळ्यानंतर कडेने गवत असतं. मुली साडेपाचला येतात. बाकीच्यांनी बूट बांधले, स्टिक घेतली की झालं. गोलकीपरचं तसं नसतं. आधी पायांना ते जाड लेग गार्ड, मग बुटांवर किकर, मग छातीचं गार्ड, गळ्याचं, हातांचे प्रोटेक्टर, सगळ्यांत शेवटी हेल्मेट. फोममध्ये आदल्या दिवसाचा घाम मुरलेला असतो, पट्टे कडक झालेले असतात, आणि एक पट्टा कायम दुसऱ्या कुणाकडून ओढून घ्यावा लागतो. एवढं चढवून ती जाऊन उभी राहते ती ३.६६ मीटर रुंदीच्या चौकटीत. बाकीचं मैदान दुसरीकडे खेळत असतं.

त्या मुलींकडे एक छोटा स्पीकर होता, गोलच्या जाळीला मागून हुकाने अडकवलेला. पहिल्या दिवशी त्यातून 'चक दे' सुरू झालं तेव्हा माझ्या कपाळावर आठी आली असणार. नंतर लक्षात आलं की कुणी ते गाणं ऐकत नव्हतं, म्हणजे आपण ऐकतो तसं. गाणं सुरू झालं की डीच्या, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळाच्या, कडेवरून दोघी जणी आळीपाळीने चेंडू मारायच्या, एक डावीकडून, एक उजवीकडून. भाचीने डाव्या खांबाला हात लावायचा, पुढे यायचं, चेंडू किकरने बाजूला फेकायचा, उजव्या खांबाला हात लावायचा, पुन्हा पुढे. गाणं संपेपर्यंत थांबायचं नाही. गाणं संपलं की पाणी. मग तेच गाणं पुन्हा.

"घड्याळ का नाही लावत?" मी विचारलं.

"मावशी, घड्याळाकडे बघावं लागतं," ती म्हणाली. "गाण्याकडे बघावं लागत नाही."

एके सकाळी स्पीकर मध्येच बंद पडला. चार्जिंग संपलं असेल. मला वाटलं, सराव थांबेल, कुणीतरी फोन शोधेल. कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. चेंडू येत राहिले, ती खांबाला हात लावत राहिली. डीवरच्या दोघींपैकी एकीचे ओठ हलत होते. मग तिघी जवळजवळ एकदम थांबल्या आणि पाण्याच्या बाटल्यांकडे गेल्या. गाणं जिथे संपलं असतं तिथेच त्या थांबल्या होत्या, हे मला कळायला क्षण लागला. आणि कळलं तेव्हा कट्ट्यावर बसल्या बसल्या अंगावर काटा आला. आवर्तन अंगात मुरल्यावर तबलजीने हात थांबवला तरी गवई समेवरच येतो, हे मी मुलांना शिकवत आले होते. त्या मातीच्या मैदानावर, माझ्या दृष्टीने गाणं न शिकलेल्या मुली समेवर आल्या होत्या. 'चक दे' त्यांच्यासाठी आवर्तन झालं होतं.

चित्रपट सहा महिने एका गाण्यात कोंबतो, ही माझी तक्रार खरी होती आणि आहे. पण या मुली उलट करतात. त्या एक गाणं सहा महिन्यांवर पसरतात. तेच गाणं रोज, दिवसातून कितीतरी वेळा, कंटाळा येऊन गेल्यावरही. त्यातला जोश केव्हाच निघून गेलेला असतो. उरतो तो ठेका आणि लांबी. त्यांना वेळेविषयी खोटी कल्पना नव्हती. उलट त्या गाण्यानेच त्या वेळ मोजत होत्या, आणि मेहनतीचा जो भाग सर्वांत कंटाळवाणा असतो, ज्यावर टाळ्या पडत नाहीत, त्याला त्यांनी ते बांधून टाकलं होतं.

मग मी ती गाणी पहिल्यांदा नीट बसून ऐकली. शाळेत असताना मी ती ऐकलीच नव्हती. कानावर पडली होती एवढंच. 'चक दे' एकदम वर उडी मारत नाही. सुखविंदर सिंगचा आवाज तीच तीच छोटी ओळ पुन्हा पुन्हा घेत चढतो. सलीम-सुलेमान यांनी खाली ड्रमचा ठोका न हलणारा ठेवला आहे, त्यामुळे वर आवाज कितीही तापला तरी पाय जमिनीवर राहतात. जयदीप साहनी यांचे शब्द पंजाबीकडे झुकलेले आणि तुटक, श्वासाश्वासात म्हणता येतील असे. धावणाऱ्या माणसाला लांब वाक्य म्हणता येत नाही, हे त्या गीतकाराला ठाऊक असावं. 'ज़िंदा'त शंकर-एहसान-लॉय यांनी गिटार जास्त मोकळी सोडली आहे. सिद्धार्थ महादेवनचा आवाज मुद्दाम खरखरीत ठेवलेला. ते गाणं खऱ्या अर्थाने रॉक आहे. ही कारागिरी आहे, आणि चांगली कारागिरी आहे. मागणीनुसार केलं म्हणून हलकं, हे माझं म्हणणं मी मागे घेतलं आहे. पाळणा, जात्यावरची ओवी, आरती, हीसुद्धा गरजेपोटीच झालेली गाणी.

या जातीचं जगात सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे 'सर्व्हायव्हर' या बँडचं 'आय ऑफ द टायगर', १९८२ सालच्या 'रॉकी ३'मधलं. सिल्व्हेस्टर स्टॅलोनला खरं तर 'क्वीन'चं एक गाणं हवं होतं, त्याचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्याने या मंडळींना नवीन गाणं करायला सांगितलं. गिटारचे ते सुरुवातीचे तुटक घाव पडद्यावरच्या ठोशांच्या मापाने बेतलेले आहेत. जगभरच्या जिममध्ये ते विजयाचं गाणं म्हणून वाजतं. चित्रपटात मात्र ते सुरुवातीलाच येतं, आणि त्या वेळी रॉकी सोप्या लढती जिंकत, जाहिराती करत, सुखावत चालला आहे. दुसरीकडे त्याचा पुढचा प्रतिस्पर्धी एकटा घाम गाळतो आहे. म्हणजे ते गाणं आहे भूक हरवत चाललेल्या माणसाला दिलेला इशारा. हे कळल्यावर मला त्या गाण्याविषयी आदर वाटला. या गाण्यांचं खरं घर व्यासपीठावर नसून सरावाच्या ठिकाणी आहे, हे तिथेही दिसतं.

शास्त्रही साधारण तिथेच बोट ठेवतं. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कॉस्टास कारागेओर्गिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने खेळ आणि संगीत या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. मध्यम दमाची मेहनत चालू असताना संगीतामुळे श्रम कमी जाणवतात, हे अशा अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण धाप लागून शरीर टोकाला पोचलं की आतल्या खुणाच इतक्या मोठ्या होतात की संगीत मागे पडतं. लय पायांच्या गतीशी जुळली तर फायदा अधिक. इथिओपियाचा धावपटू हैले गेब्रसेलासी याने १९९८ साली बर्मिंगहॅमला दोन हजार मीटरचा इनडोअर विक्रम केला तेव्हा स्टेडियमवर 'स्कॅटमन' हे गाणं वाजत होतं आणि त्याच्या पावलांशी ते जुळत होतं. आज मोठ्या शर्यतीत धावपटूला कानात संगीत घालून पळता येत नाही, नियमच आहे. म्हणजे ऐन लढतीत कानात गाणं नसतंच. लढतीआधीच्या शेकडो सकाळी ते असतं.

एवढ्यावर माझं मत बदललं असतं तरी ते अर्धवटच राहिलं असतं. उरलेलं काम दोन गोलकीपरांनी केलं.

'चक दे' चित्रपटामागची गोष्ट इंदूरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीर रंजन नेगी यांना हे शहर आपलं माणूस मानतं. १ डिसेंबर १९८२, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, एशियाडचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. भारत १-७ असा हरला. गोलमध्ये नेगी होते. त्यानंतर त्यांच्यावर नाही नाही ते आरोप झाले, देश विकल्याचेसुद्धा. सोळा वर्षांनी, १९९८ साली, बँकॉकच्या एशियाडमध्ये धनराज पिल्लेच्या संघाने सुवर्णपदक जिंकलं तेव्हा गोलकीपरांना तयार करण्याचं काम नेगींकडे होतं. अंतिम सामना टायब्रेकरवर गेला आणि आशिष बल्लाळने गोल वाचवून तो जिंकून दिला. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महाराज कृष्ण कौशिक यांच्या मार्गदर्शनाखाली महिला संघाने यजमान इंग्लंडला हरवून सुवर्ण जिंकलं, तिथेही गोलकीपरांचे प्रशिक्षक नेगीच. त्या विजयाची बातमी वाचून जयदीप साहनींना चित्रपट सुचला, आणि त्यातल्या मुलींना हॉकी शिकवायला पुन्हा नेगी आले. (त्या मुलींत कोल्हापूरची सागरिका घाटगे होती, तिच्या आजी सीताराजे या इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या कन्या. राजवाड्यासमोरून जाताना मला हे हमखास आठवतं.)

चित्रपटातला प्रशिक्षक कबीर खान गोलकीपर नाही. त्याचा पेनल्टी स्ट्रोक हुकतो. पण संघाची कर्णधार विद्या शर्मा गोलकीपर आहे आणि मध्य प्रदेशची आहे. संघ विश्वचषकातला पहिला सामना ऑस्ट्रेलियाशी ०-७ असा हरतो. सात हा आकडा लेखकाने उगाच निवडला असेल असं मला वाटत नाही. पूर्वी मला हे सगळं एका माणसाच्या दुःखाचं भांडवल वाटायचं. सोळा वर्षं जो माणूस मान खाली घालून जगला, त्याच्या जखमेवर गिटार आणि ड्रम! आता असं वाटतं की ते दुःख कुणीतरी गाण्याइतकं मोठं मानलं, आणि गोल खाल्लेल्या माणसाकडे देशाला पुन्हा एकदा बघायला लावलं. त्याआधी पंचवीस वर्षं ते कुणी केलं नव्हतं. १० ऑगस्ट २००७ ला चित्रपट लागला, पुढच्याच महिन्यात धोनीचा संघ टी-२० विश्वचषक जिंकला आणि ते गाणं क्रिकेटवाल्यांनी उचलून नेलं. आज होळकर स्टेडियमवर षटकार बसला की ते वाजतं. पण ते मुळात हॉकीचं आहे, आणि मी तर म्हणेन, गोलकीपरचं आहे.

दुसरे गोलकीपर शंकर लक्ष्मण. इंदूरपासून तासाभराच्या आत महू आहे, तिथले. १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिकं ते खेळले; दोन सुवर्ण, एक रौप्य. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १-० हरवलं, त्यात त्यांनी वाचवलेल्या गोलांविषयी जुनी माणसं अजून बोलतात. १९६६ साली बँकॉकला भारताने एशियाडचं सुवर्ण जिंकलं तेव्हा कर्णधार तेच होते, गोलकीपर असून. त्यानंतर पुढचं सुवर्ण यायला १९९८ उजाडावं लागलं. त्या काळी गोलकीपरच्या डोक्यावर हेल्मेट नसे. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने हातातलं हेल्मेट उलटंपालटं करून बघितलं, आणि काही न बोलता डोक्यावर चढवलं.

पण मला खिळवून ठेवलं ते त्यांच्या आयुष्यातल्या एका वेगळ्याच तपशिलाने. १९४७ साली शंकर लक्ष्मण सैन्यात भरती झाले ते बँडवाले म्हणून. मराठा लाइट इन्फंट्रीतून १९७९ साली ते कॅप्टन होऊन निवृत्त झाले, पण सुरुवात बँडपासून. लष्करी बँड काय करतो? थकलेल्या पायांना एका ठेक्यात ठेवतो. शब्द नसले तरी निरोप तोच असतो: चल, अजून थोडं. जे संगीत पायांसाठी असतं त्याला मी आयुष्यभर खालचं मानलं, मेंदूसाठी आणि मनासाठी जे असतं त्याला वरचं. आणि भारताला दोन ऑलिंपिक सुवर्णं देणाऱ्या माणसाने पायांच्या संगीतापासून सुरुवात केली होती. बँडमधला एक पोरगा पुढे जाऊन हॉकीच्या मैदानावरच्या सर्वांत एकट्या जागी उभा राहिला. त्या जागेवर त्याच्या कानात काय वाजत असेल याची मी पुष्कळदा कल्पना करते.

१९६८ च्या ऑलिंपिक संघात त्यांना घेतलं नाही, आणि त्यांनी हॉकी सोडली. २९ एप्रिल २००६ रोजी महूत, पायाला गँगरीन होऊन, हलाखीत ते गेले. 'चक दे' यायला तेव्हा सव्वा वर्ष बाकी होतं.

इथे मला माझ्या जुन्या मतातलं जे शिल्लक आहे ते सांगितलं पाहिजे. ही गाणी अजूनही फार लवकर जिंकणाऱ्याच्या बाजूला जातात. पडद्यावर शेवटी कप उचलला जाणार हे ठरलेलं असतं, म्हणून आधीचं पडणं सोसवतं. ज्याचा कप कधीच आला नाही, ज्याला जिंकल्यावरही विसरले, त्याच्यासाठी या गाण्यांत ओळ नसते. त्या बाबतीत मला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' वेगळा वाटला. नागपूरच्या झोपडपट्टीतली मुलं फुटबॉल खेळतात, अजय-अतुल यांचा ठेका कानठळ्या बसवतो, पण चित्रपटाचा श्वास अडकतो तो विमानतळावर, एक मुलगा तपासणीतून पलीकडे जाईल की नाही या प्रश्नावर. सामना जिंकण्यापेक्षा मैदानापर्यंत पोचणं अवघड आहे, हे त्या चित्रपटाला माहीत आहे. असं गाणं अजून हवं.

शिवाय ही गाणी जिथे तिथे वाजवणं मला आजही खटकतं. अनंत चतुर्दशीच्या रात्री आमच्याकडे गिरण्यांच्या झाक्या निघतात, पुढे आखाड्यांची पोरं लाठीकाठी फिरवत चालतात. ढोल-ताशा असताना त्यांना डीजेवरच्या 'चक दे'ची काय गरज? निवडणुकीच्या सभेत, दुकानाच्या उद्घाटनाला, घाम न गाळलेल्या माणसाच्या सत्कारात ते वाजलं की मला त्या मैदानावरच्या मुलींची वस्तू कुणी न विचारता उचलल्यासारखं वाटतं. पूर्वी मी गाण्यावर रागवत होते. आता राग ते वाजवणाऱ्यावर आहे.

सध्या मी एक वही केली आहे. त्या मुलींच्या प्रशिक्षकांनीच विचारलं होतं, तुम्ही संगीतातल्या, तर जरा बघा. कुठल्या गाण्याची लय किती, लांबी किती, कुठल्या सरावाला कुठलं. धावण्याआधी अंग मोकळं करायला संथ काहीतरी, डीमधल्या सरावाला जलद, शेवटी श्वास खाली आणायला पुन्हा संथ. भाचीशी माझा वाद होतो. तिला गोलमध्ये 'ज़िंदा' हवं असतं. मला वाटतं, 'आशाएँ'मध्ये केकेचा आवाज जास्त वेळ सोबत करतो. "त्याच्यावर पाय उचलला जात नाही, मावशी," असं ती म्हणते, आणि तिचं खरं आहे, कारण पाय तिचे आहेत. हरून परत येताना बसमध्ये काय लावायचं, हे पान वहीत अजून रिकामं आहे. मी यमनमधली एक जुनी बंदिश सुचवून पाहिली. ती म्हणाली, त्या बसमध्ये कुणाला काही ऐकायचंच नसतं. तरी मी शोधते आहे. १९८२ च्या त्या रात्री स्टेडियमबाहेर पडणाऱ्या संघाला ऐकवता येईल असं काहीतरी असलं पाहिजे, आणि ते अजून कुणी केलं नसेल तर करायला हवं.

शंकर लक्ष्मण यांच्यावर चित्रपट काढावा, अशी इच्छा मी हल्ली चित्रपटक्षेत्रातला ओळखीचा माणूस भेटला की बोलून दाखवते. त्याचं गाणं महूच्या परेड मैदानावर सुरू व्हावं, बँडमधल्या एका साध्या ड्रमवर, आणि पुढे जिथे तो पोरगा पहिल्यांदा गोलमध्ये जाऊन उभा राहतो तिथे इलेक्ट्रिक गिटार आली तर मला ती हवीच आहे.